जंप स्टार्टरचा डबा: गाडी उठवायची, फोन भरायचा, की दोन्ही?

रावेर तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी १.५ लिटरची डिझेल कार, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि १२५ सीसीची मोटारसायकल. डिसेंबर लागल्यापासून कार सकाळी सेल्फ घेत नाही, दोनदा धक्का मारावा लागला. बॅटरी साडेतीन वर्षांची आहे. ऑनलाईन एक जंप स्टार्टर (बॅटरी बसलेली गाडी उठवायचा छोटा बॅटरीचा डबा) पाहिला, त्यावर १२,००० एमएएच आणि १००० अँपिअर लिहिलंय. तो घेतला तर तिन्ही वाहनं उठतील का, लाईट गेल्यावर वायफाय आणि फोन चालतील का, आणि तो कायम कारमध्येच ठेवला तर चालेल का?

भाऊ, यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक म्हणजे तुमची कार का बसते. दुसरी म्हणजे हा डबा काय काय करू शकतो. पहिलीचं उत्तर न शोधता डबा घेतलात, तर तो रोज सकाळी चिमटे लावायचं साधन होऊन बसेल, आणि रोजच्या वापरासाठी तो बनवलेला नाही. म्हणून आधी बॅटरी बघू.

आपल्याकडे बॅटरी खराब होते उन्हाळ्यात आणि ते कळतं हिवाळ्यात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा ढोबळ हिशोब असा, की कायमचं तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. आतल्या प्लेटांची जाळी गंजते आणि पाणी उडतं. उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर कमी लागतो, त्यामुळे अर्धमेली बॅटरीही गाडी उठवते. डिसेंबरच्या पहाटे ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद गारठ्याने आणखी उतरते, आणि मग ती उघडी पडते. साडेतीन वर्षं हे खान्देशातल्या बॅटरीसाठी कमी वय नाही. पण वयावरून निकाल देऊ नका, मोजून द्या.

चार-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीचं, सकाळी दार उघडण्याआधी, ते शक्य नसेल तर निदान किल्ली लावण्याआधी, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज घ्या. १२.६ किंवा १२.७ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या खाली गेली तर जवळपास उतरलेली. मग एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने मीटर बघायचा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, आणि बॅटरी आधी नीट भरलेली असेल, तर ती आतून गेली आहे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला हवं. १३ च्या आत अडकलं तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी भरणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा बघा.

तिन्ही आकडे ठीक आले आणि तरी गाडी बसत असेल, तर दोन जागा उरतात. पहिली म्हणजे टर्मिनल. पांढरी-हिरवी पूड धरलेली असेल तर आधी काळी वायर काढा, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, आधी लाल आणि मग काळी घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा. हाताने हललं तर ते घट्ट नाही. दुसरी जागा म्हणजे चोरटी गळती. बाहेरून बसवलेला जीपीएस, म्युझिक सिस्टीम, रिव्हर्स कॅमेरा. बंद गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालते. ५०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. ही गळती मोजायची तर मीटर १० अँपिअरवर ठेवा, काळी वायर काढून ती आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्या मध्ये तो जोडा आणि गाडी कुलूप लावून अर्धा तास सोडा, कारण नव्या गाड्यांचे कंप्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज लगेच उडेल.

आता डब्याकडे येऊ. त्यावरचे दोन मोठे आकडे नीट समजले की पुढचं सगळं सोपं जातं.

१२,००० एमएएच हा आकडा आतल्या एका सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. गुणाकार केला तर ४४ वॅट-तास ऊर्जा होते. आत बहुतेक वेळा तीन सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे गाडीच्या बाजूने बघितलं तर ती जेमतेम ४,००० एमएएचची छोटी बॅटरी आहे. कारच्या ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीपुढे हे काहीच नाही. तरी ती गाडी कशी उठवते? कारण गाडी उठवायला ऊर्जा फार लागत नाही, क्षणभर मोठा करंट लागतो. ९ व्होल्टला ३०० अँपिअर तीन सेकंद ओढले तर खर्च सव्वादोन वॅट-तासांच्या आसपास होतो. डबा एवढा छोटा असून चालतो तो याच्यामुळे.

मग निम्म्या चार्जवरही तो दहा वेळा गाडी उठवेल असं वाटतं. इथेच लोक फसतात. तीन सेलचा डबा पूर्ण भरलेला असताना १२.६ व्होल्ट देतो आणि निम्मा झाला की ११.४ च्या आसपास येतो. समजा आतला रोध, वायर आणि चिमटे मिळून ८ मिलिओहम आहेत. ३०० अँपिअर ओढले की २.४ व्होल्ट वाटेतच पडतात. भरलेल्या डब्यातून सेल्फला १०.२ मिळतात, निम्म्यातून ९. नऊ व्होल्टला डिझेलचा सेल्फ रडत फिरतो, आणि कंप्युटर मध्येच बंद पडला तर इंजिन फिरूनही पेटत नाही. म्हणजे ऊर्जा शिल्लक असते, जोर मात्र संपलेला असतो. घराबाहेर असाल तेव्हा डब्याचा वरचा अर्धा भाग फक्त गाडीचा समजा.

१००० अँपिअर हा आकडा पीकचा, म्हणजे क्षणार्धाचा. तो मोजायची सगळ्यांची एकच पद्धत नसते, म्हणून दोन कंपन्यांचे पीक आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. सलग तीन-चार सेकंद टिकणारा करंट मी पीकच्या एक तृतीयांश धरतो. माहितीपत्रकात क्रँकिंग करंट, म्हणजे सेल्फ फिरवतानाचा करंट, वेगळा दिला असेल तर तोच बघा. आणि किती लिटरच्या डिझेल इंजिनाला चालेल हे लिहिलेलं असेल तर त्यातूनही थोडं कमीच धरा.

या हिशोबाने तुमची १.५ लिटरची डिझेल कार १००० पीकच्या भरलेल्या डब्यावर बहुधा उठेल. मोटारसायकल सहज उठेल, तिला ४०-८० अँपिअर पुरतात. त्यातही तुमची बीएस-सहा असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर डब्याचा तिला खरा उपयोग आहे. अशा बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या असतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि कंप्युटर दोन्ही बॅटरीवर चालतात, त्यामुळे बॅटरी पूर्ण बसली की किक मारून किंवा ढकलून ती सहसा सुरू होत नाही.

ट्रॅक्टरचं उत्तर मात्र परिस्थितीवर आहे. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना २५० ते ४०० अँपिअर ओढतो, आणि सुरुवातीचा झटका त्याहून मोठा असतो. ट्रॅक्टरची बॅटरी थोडीच उतरलेली असेल, नुसती टिक-टिक न करता सेल्फ अर्धा फेरा फिरवत असेल, तर १००० पीकचा डबा तेवढा हात देऊ शकतो. बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर ती स्वतःच करंट गिळते आणि डबा एकटा पुरत नाही. बॅटरीचा एक सेल शॉर्ट असेल, म्हणजे रात्रभर चार्ज करूनही ती १०.५ वरच राहत असेल, तर २००० पीकचा डबाही भरवशाचा नाही. ट्रॅक्टरसाठी घ्यायचाच तर २००० पीकपासून पुढचा घ्या.

खरं सांगायचं तर एकाच अंगणात कार आणि ट्रॅक्टर दोन्ही असतील, तर चांगल्या जंपर केबलची जोडी ट्रॅक्टरसाठी जास्त उपयोगाची आहे. शुद्ध तांब्याची, २५ चौरस मिलिमीटरची, तीन मीटर लांब. बाजारात जाड रबराच्या आत बारीक, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा असलेल्या केबलही मिळतात. त्या गरम होतात आणि सेल्फ फिरत नाही. कापलेलं टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. कार चालू ठेवून केबल पाच-दहा मिनिटं जोडून ठेवा, ट्रॅक्टरच्या बॅटरीला थोडा चार्ज मिळू द्या आणि मग सेल्फ मारा. ट्रक किंवा बसला मात्र हात लावण्याआधी बॅटऱ्या मोजा. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतील तर ती २४ व्होल्टची गाडी आहे. १२ व्होल्टचा डबा तिला लावला तर डबा जळेल.

डबा लावायची रीत. गाडीतलं सगळं बंद करा, हेडलाईट, एसी, टेप. डबा निम्म्याहून जास्त भरलेला आहे ना बघा. टर्मिनलवर पूड असेल तर चिमटा रगडून आतपर्यंत धातू लागू द्या, कारण बहुतेक वेळा डबा चालत नाही म्हणतात तिथे डबा ठीक असतो आणि चिमटा पुडीवर बसलेला असतो. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक (+) टोकावर. काळा चिमटा इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब, कारण चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडू शकते. काही कंपन्या काळा चिमटा थेट ऋणवर लावायला सांगतात. त्यांची केबल ठिणगी रोखणारी असते, तेव्हा पत्रकात लिहिलंय तसंच करा. आधी वायर डब्यात खोचायची की आधी चिमटे लावायचे, हेही प्रत्येक डब्यात वेगळं असतं. हिरवा दिवा लागला की डिझेलला किल्ली ऑन करून डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि लगेच सेल्फ मारा, कारण डब्याच्या बऱ्याच केबल अर्ध्या मिनिटात स्वतःहून बंद होतात.

तीन ते पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. नाही उठली तर एक मिनिट थांबा. तीनदा जमलं नाही तर डबा बाजूला ठेवा. तो गरम झालेला असतो आणि दोष बहुधा दुसरीकडे असतो. गाडी उठली की अर्ध्या मिनिटाच्या आत आधी काळा, मग लाल चिमटा काढा. अल्टरनेटरचे १४ व्होल्ट डब्याच्या सेलमध्ये घुसू देऊ नका. आणि गाडी चालू असताना जुनी बॅटरी काढून टाकायचा प्रयोग कधीच करू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज उसळतं आणि कंप्युटर जातो.

डब्याच्या केबलवर बूस्ट नावाचं बटण असतं. बॅटरी इतकी बसलेली असते की केबलला ती दिसतच नाही, तेव्हासाठी ते आहे. ते दाबलं की उलट जोडणीपासूनचं संरक्षण बहुतेक केबलमध्ये बंद होतं. लाल-काळं उलट लागलेलं असताना ते दाबलं तर डबा फुगू शकतो, पेटू शकतो. अंधारात, घाईत असाल तर दाबण्याआधी टॉर्च मारून अधिक-उणेच्या खुणा वाचा.

गाडी उठली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. रावेर ते सावदा जाऊन आलात तर ती भरत नाही. घरी चार्जर लावून ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ६ अँपिअरने दहा-बारा तास द्या. बसलेली बॅटरी फक्त अल्टरनेटरवर भरत राहिलात तर तोही तापतो.

आता पॉवर बँकेचा भाग. ४४ वॅट-तासांतून व्होल्टेज बदलताना होणारं नुकसान वजा जाता हाताला ३७ येतात. ५,००० एमएएचचा फोन भरायला १९ लागतात, वर थोडं फोनच्या आत उष्णतेत जातं. म्हणजे डबा रिकामा होईपर्यंत पावणेदोन फोन. अर्धा डबा गाडीसाठी राखला तर जेमतेम एक फोन. तोरणमाळला किंवा पालच्या जंगलात मुक्कामी जाताना हाच हिशोब धरा आणि फोनसाठी साधी वेगळी पॉवर बँक घ्या. ती स्वस्त आहे, आणि ती उतरली तर गाडी अडत नाही.

वायफायचा राऊटर सहसा १२ व्होल्टचा असतो आणि प्रत्यक्षात ६-८ वॅट खातो. घरीच असाल, डबा पूर्ण वापरायला हरकत नसेल, तर पाच तास चालतो. अडचण जोडणीची आहे. पुष्कळ डब्यांना फक्त यूएसबी असतं, १२ व्होल्टचं गोल सॉकेट नसतं. यूएसबीवरून १२ व्होल्ट करणारी वायर मिळते, पण काही डबे कमी करंट दिसला की आपोआप बंद होतात. शिवाय बरेच डबे एकाच वेळी चार्ज होत आणि देत नाहीत, त्यामुळे लाईट गेल्यावर राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तुमच्याकडे रोज लाईट जात असेल तर राऊटरसाठी बनवलेला छोटा यूपीएसच घ्या. डबा रोज रिकामा-भरा केला तर वर्ष-दोन वर्षांत त्याचा जोर जातो, आणि जोर हेच त्याचं मुख्य काम आहे.

शेतात मात्र त्याचे चांगले उपयोग आहेत. रात्रपाळीच्या लाईटीवर केळीला पाणी सोडायला जाताना यूएसबीचा ५ वॅटचा बल्ब सात तास पुरतो, आणि स्टार्टरच्या पेटीजवळ दोन्ही हात मोकळे राहतात. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असली की तोच बल्ब लिंबाला टांगा. पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी मधेच उतरली, आणि डब्याला १२ व्होल्ट १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलं, तर ३ अँपिअर खाणारा पंप तासभर चालतो, म्हणजे उरलेल्या ओळी आटोपतात. डुकरांसाठी कुंपणाला लावलेलं झटका मशीन फार कमी खातं. त्याची बॅटरी बिघडली तर एक रात्र निघते. पण हे सगळं त्या वेगळ्या सॉकेटवर. गाडीच्या चिमट्यांवर पंप किंवा मशीन लावू नका, ते काही सेकंदांसाठी बनवलेले असतात.

हवा भरायचा कॉम्प्रेसर असलेला डबा मोटारसायकल आणि कारला कामाचा आहे. कारचं एक चाक २० वरून ३३ पीएसआयवर न्यायला पाच-सहा मिनिटं लागतात. दोन चाकांनंतर त्याला थंड होऊ द्या. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला दाब कमी असला तरी आत हवा फार मावते, तिथे छोटा कॉम्प्रेसर तापून बसतो.

कारमध्ये ठेवायच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. मार्च ते जून अजिबात ठेवू नका. मेच्या उन्हात बंद कारमध्ये ६० अंशांच्या वर जातं, डॅशबोर्डवर आणखी जास्त. लिथियमच्या सेलला ते सहन होत नाही. तो फुगतो, आणि फुगलेला सेल पेटू शकतो. उन्हाळ्यात प्रवासाला निघताना डबा सोबत घ्या, उतरताना पिशवीत घालून सावलीत न्या. घरी पत्र्याच्या खोलीत न ठेवता स्लॅबच्या किंवा धाब्याच्या खोलीत, जमिनीलगतच्या फळीवर ठेवा. चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंशांची असते, म्हणून मे महिन्यात दुपारी चार्ज करू नका, पहाटे करा. गाडी उठवल्यावरही तो निवेपर्यंत थांबा.

आणि एक अगदी आपल्याकडची गोष्ट. दिवाळीनंतर घराघरात कापूस भरलेला असतो. त्या खोलीत डबा ठेवू नका आणि चार्जिंगला तर कधीच लावू नका. कडबा, कुट्टी, बारदान यांच्याजवळही नको. मोकळी फरशी, आणि माणूस जागा असताना. डबा फुगलेला दिसला, कोपरे उचलले, गोडसर वास आला, तर तो वापरायचा नाही, भोसकायचा नाही, चुलीत टाकायचा नाही. अंगणात मोकळ्या मातीवर ठेवा आणि विकणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे.

घेताना ऊर्जा वॅट-तासांत लिहिली आहे का बघा, नसेल तर एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. केबल वेगळी मिळते का विचारा, कारण आधी केबलच खराब होते. टाईप-सी ने चार्ज होणारा असला तर बरं, चार्जर हरवला तरी अडत नाही. लिथियम फेरो फॉस्फेट सेलचा डबा थोडा जड आणि महाग असतो, पण उष्णता जास्त सहन करतो. आपल्या हवेत मी तोच सुचवेन. आणल्यावर पूर्ण भरा आणि दर दोन-तीन महिन्यांनी भरत जा. पावसाळाभर कोनाड्यात विसरलेला डबा दसऱ्याला उपयोगी पडत नाही.

भाऊ, उद्या पहाटे किल्ली लावण्याआधी, सेल्फ फिरताना आणि गाडी चालू झाल्यावर, असे तीन आकडे घ्या आणि इथेच लिहा. सोबत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किती अँपिअर-तास छापलेत तेही लिहा. त्यावरून नवी बॅटरी, केबल की डबा, हे नेमकं सांगता येईल.